तालमीतला जोडीदार

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात पाली लागतं. बिंदुसरेचं धरण इथलंच. पुढे मांजरसुंब्याचा घाट आणि घाटावर बालाघाटाचं पठार. खाली नदीकाठाला काळी जमीन, वर उथळ, मुरमाड रान. शेतकऱ्याच्या हिशेबात दोन्हींना आपापली किंमत आहे. पैलवानाच्या हिशेबात मात्र दोन्ही बिनकामाच्या. काळ्या मातीच्या बारीक कणांत पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आकसते. म्हणजे पावसाळ्यात चिकटा आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. मुरमावर पाठ टेकली तर कातडं सोलून निघतं. त्यामुळं या पट्ट्यात आखाडा करायचा म्हटलं की पहिला खर्च मातीचाच. तांबडी माती जिथं सापडेल तिथून आणायची, खडे काढून चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, काव असं ऐपतीप्रमाणे घालायचं, मुरवायची, आणि मग रोज खोऱ्यानं उकरून भुसभुशीत ठेवायची. तेलानं माती उडत नाही, ताकानं ओल धरते. हळदीनं जखम चिघळत नाही, असं वस्ताद सांगतात. मातीवरची श्रद्धा असू द्यावी, पण खरचटलेलं साबण-पाण्यानं धुवावंच. गजकर्ण आणि त्वचेचे इतर संसर्ग जगभरच्या पैलवानांमध्ये अंगाला अंग लागून पसरतात, आणि ते मातीला ओळखत नाहीत.

माती आणता येते. छप्पर टाकता येतं. जुना, कान मोडलेला एखादा पैलवान वस्ताद म्हणून मिळतोही. मराठवाड्यात अशी माणसं अजून गावोगाव आहेत. तरीही गावातली तालीम दोन-चार वर्षांत ओस पडते आणि तिच्यात गावाच्या मिरवणुकीचं सामान येऊन पडतं. हे का होतं, याची ठरलेली उत्तरं दोन. पहिलं, ‘पोरं मोबाईलमध्ये गेली.’ दुसरं, ‘खुराक परवडत नाही.’ दोन्हींत तथ्य आहे, पण खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं, आणि ती समजायची तर तालमीत शिकवतात कसं, हे आधी पाहायला हवं.

बाहेरच्या माणसाला तालमीतलं शिकवणं दिसतच नाही. शाळेची सवय झालेला माणूस तिथं फळा शोधतो, क्रमवार धडे शोधतो. तिथं दिसतं ते असं: पहाटे पोरं येतात, हौदा उकरतात, जोर-बैठका मारतात, मग लंगोट कसून जोडीजोडीनं मातीत उतरतात. वस्ताद हौद्याच्या काठावर बसलेला. तासाभरात तो फार तर दहा-पंधरा वाक्यं बोलतो, त्यातली निम्मी अर्धवट. ‘मुंडी वर.’ ‘हात सोड त्याचा.’ ‘कमरेत बस.’ ‘आता का थांबलास?’ एवढंच. एखादा डाव दाखवायचा झाला तर उठून स्वतः दाखवतो, दोनदा, तिसऱ्यांदा नाही. मग पुन्हा काठावर.

पण त्या तासात शिकवणं चालू असतंच, फक्त ते वस्तादाच्या तोंडून होत नाही. ते समोरच्या पोराच्या अंगातून होतं. कुस्तीतला डाव म्हणजे हातापायांची ठरावीक हालचाल नव्हे. एकेरी पट काढणं म्हणजे खाली वाकून समोरच्याचा पाय ओढणं, हे पुस्तकात लिहिता येतं. मात्र समोरच्यानं वजन कोणत्या पायावर टाकलंय, तो पुढे रेलतोय की मागे, त्याच्या मानेवर ठेवलेल्या आपल्या हाताला तो किती जोर परत देतोय, हे कळल्याशिवाय पट काढायची वेळ साधत नाही. ते डोळ्यांनाही नीट कळत नाही, तळहाताला कळतं, कपाळाला कपाळ लावून खडाखडी चालते तेव्हा मानेला कळतं. ढाक असो, कलाजंग असो, घिस्सा असो, प्रत्येक डावाचं मर्म समोरच्याच्या शरीरात असतं. म्हणून ते शिकवणारा खरा शिक्षक म्हणजे जोडीदार.

तालमीत याची एक सुंदर रीत आहे. थोरला पैलवान धाकट्यासोबत जोर करायला उतरतो तेव्हा तो आपली सगळी ताकद लावत नाही, आणि सगळी सोडतही नाही. धाकट्याला जेमतेम झेपेल एवढाच विरोध तो करतो. पोरानं डाव चुकीचा मारला तर तो पडत नाही. बरोबर वेळ साधली तर पडू देतो. पोराला त्याच क्षणी, एका शब्दाविना, उत्तर मिळतं. दुसऱ्या दिवशी थोरला थोडा जास्त अडतो. ही अंगातली मोजदाद चांगल्या थोरल्याला इतकी सवयीची झालेली असते की त्याला विचारलं तर तो सांगूही शकणार नाही. उलट ज्या तालमीत थोरली पोरं धाकट्यांना फक्त आपटतात, तिथली धाकटी पोरं सहा महिन्यांत यायची बंद होतात. वस्तादाचं खरं काम इथं आहे: कोणाला कोणासोबत उतरवायचं. डाव शिकवण्यापेक्षा जोड लावणं हे त्याचं मोठं कसब.

शिकण्याच्या शास्त्रानं या रीतीच्या बाजूनं एक जुना पुरावा देऊन ठेवला आहे. १९७९ साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडाच्या छोट्या फळ्या ठरावीक क्रमानं पटापट पाडायच्या, असं काम. क्रम तीन प्रकारचे. एका गटानं पहिला प्रकार घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही प्रकार मिसळून, कधी हा तर कधी तो, असे दिले. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. काही दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेला गट सरस ठरला. एकच गोष्ट सलग घोटली की ती आल्यासारखी वाटते. पुढचं काय येईल हे ठाऊक नसताना प्रत्येक वेळी नव्यानं आठवून केलेली गोष्ट टिकते. जोडीदारासोबत दहा मिनिटं जोर करताना पोराला नेमकं हेच करावं लागतं. आता पट येईल की टांग, हे त्याला कोणी सांगत नाही.

इथं जरा लांब जायला हवं, जपानला. १८८२ साली तोक्योतल्या एका मंदिरात बारा चटयांच्या जागेत जिगोरो कानो यांनी कोदोकान सुरू केलं आणि जुन्या जुजुत्सूमधून ज्युदो घडवलं. त्यांच्यासमोर अडचण अशी होती की जुन्या विद्येतले कित्येक डाव जीवघेणे. सांधा मोडणारी पकड किंवा वर्मावरचा घाव जोडीदारावर पूर्ण ताकदीनं कसा मारणार? मग तो नुसता दाखवायचा, समोरच्यानं सहन केल्यासारखं करायचं. अशी विद्या पिढीगणिक पोकळ होत जाते, कारण ती चालते की नाही हे कोणी तपासतच नाही. कानोंनी धोक्याचे डाव ठरीव आकृत्यांच्या सरावासाठी वेगळे काढले आणि उरलेल्या डावांचा खुला, पूर्ण ताकदीचा सराव सुरू केला. डाव कमी झाले, पण जे राहिले ते खरे राहिले.

कुस्तीला हे वेगळं करावं लागलं नाही. तिच्या नियमांतच ते होतं. ठोसा नाही, लाथ नाही, बोटं मोडणं नाही. पाठ टेकली की निकाल. खाली उकरलेली मऊ माती. त्यामुळं पोरगं रोज सकाळी पूर्ण ताकदीनं लढू शकतं आणि संध्याकाळी पुन्हा येऊ शकतं. आपल्याच मर्दानी खेळांकडे पाहिलं की फरक कळतो. कोल्हापुरात पट्टा, लाठी, बोथाटी, तलवारीचे हात अजून हौसेनं शिकवले जातात आणि ते पाहताना छाती भरून येते. पण धारेच्या पट्ट्यानं जोडीदाराशी खरोखर कोण लढणार? म्हणून तिथं उरले ते ठरीव हात, मिरवणुकीत आणि मैदानात करून दाखवण्याचे. त्यात त्या खेळाडूंचा काही दोष नाही. ज्या विद्येला जोडीदार सुरक्षित राहील असा खुला सराव लाभत नाही, ती हळूहळू प्रदर्शनाकडे सरकतेच. आज तालुक्याच्या गावात शाळांच्या मैदानांवर चालणाऱ्या कराटेच्या वर्गांनाही हीच कसोटी लावून पाहावी. पोरं हवेत ठोसे मारतात, ओळीत ओरडतात, दर काही महिन्यांनी परीक्षा होते, पट्ट्याचा रंग बदलतो, फी भरली जाते. समोरच्यानं खरोखर अडवलं तर काय, हा प्रश्न कित्येक वर्गांत वर्षभर विचारलाच जात नाही. सरकारी शाळांत मुलींना ‘रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ मिळतं, साधारण तीन महिन्यांचं. मुलीला आपल्या ताकदीचा अंदाज यायला त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण मनगट सोडवायची युक्ती शिकवताना मनगट धरणारीनं खरंच घट्ट धरलं पाहिजे, एवढी एक अट प्रशिक्षकांनी पाळली तरी त्या तीन महिन्यांची किंमत वाढेल.

वस्तादाविषयी एक गोष्ट गावोगाव सांगितली जाते. वस्तादानं पठ्ठ्याला सगळे डाव शिकवले, पठ्ठ्या माजला, वस्तादालाच आव्हान दिलं. मग वस्तादानं राखून ठेवलेला एक डाव काढला आणि त्याला आकाश दाखवलं. ही आपल्याच मातीतली गोष्ट असं आपल्याला वाटतं. पण इराणच्या शेख सादींनी १२५८ साली लिहिलेल्या ‘गुलिस्तान’मध्ये ती आहे, तिथला उस्ताद ३६० डाव जाणतो आणि शिष्याला ३५९ शिकवतो. फारसी शिकलेल्या मराठी माणसांकडून ती इकडे आली असेल किंवा पैलवानांच्या तोंडून, पण मुरली मात्र छान. गोष्ट म्हणून ती झकास आहे. शिकवण्याची रीत म्हणून मला ती पटत नाही, आणि ती तशी चालतही नसावी. डाव लपून राहत नाहीत. जत्रेत हजारो लोकांसमोर मारलेला डाव दुसऱ्या दिवशी पंचक्रोशीतल्या तालमींत मारून पाहिला जातो, आठवड्यात त्याची तोड निघते. आता तर मोबाईलवर पाहिजे तो डाव पाहिजे तितक्या वेळा पाहता येतो. दडवायला काही उरलेलं नाही. तरीही फक्त मोबाईलवर पाहून कोणी पैलवान झालेला ऐकिवात नाही, कारण मोबाईल अडवत नाही.

मग आता पालीकडून घाट चढून पाटोद्याकडे वळू. हा रस्ता तासाभराचा. पाटोद्याचा राहुल आवारे हा बीड जिल्ह्यानं घडवलेला आणि पुण्यानं पूर्ण केलेला पैलवान. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. पहिले धडे घरच्याच आखाड्यात. म्हणजे माती होती, वस्ताद तर बापच होता. तरीही पोरगं पुण्याला पाठवावं लागलं, हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली, गोकुळ वस्ताद तालमीत. बिराजदारांची स्वतःची वाटही अशीच. लातूर जिल्ह्यातलं रामलिंग मुदगड हे त्यांचं गाव. कोल्हापुरात घडले, १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७२ साली रुस्तम-ए-हिंद. २०११ मध्ये ते गेल्यावर राहुल काका पवारांकडे, कात्रजच्या संकुलात गेला. काका पवारही लातूरचेच, बिराजदारांचेच पठ्ठे. मराठवाड्याच्या या तीन पिढ्या एकामागून एक घाट उतरून गेल्या.

का गेल्या? बापाला डाव येत नव्हते म्हणून नाही. गावात ५७ किलोच्या आसपासची, तेवढ्याच ताकदीची, रोज पहाटे उतरणारी आठ-दहा पोरं नव्हती म्हणून. पुण्या-कोल्हापूरच्या तालमीत जे मिळतं ते हे. एक जोडीदार उंच, एक बुटका, एक डावखुरा, एक नुसता बचाव करणारा, एक पहिल्याच झटक्यात अंगावर येणारा. रोज नवं कोडं. गावात एकच जोडीदार असेल तर वर्षभरात दोघं एकमेकांना इतके ओळखतात की कुस्ती पाठ झाल्यासारखी होते. मग परगावच्या मैदानात तिसराच समोर आला की दोघंही गोंधळतात. चांगल्या पोराला गाव सोडावं लागतं ते यासाठी. आणि तो गेला की मागे राहिलेल्यांचा एक चांगला जोडीदार कमी होतो. मग दुसरा जातो. गावातली तालीम ओस पडते ती अशी, एकेका जोडीनं. मोबाईल त्या रिकाम्या जागेत नंतर शिरतो.

राहुलनं २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवलं. पुढच्या वर्षी नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य, अमेरिकेच्या टायलर ग्राफवर ११-४ अशी मात. हे आकडे मातीतल्या माणसाला परके वाटतात. मातीत १५-७ नसतं. मातीत चितपट असतं किंवा नसतं. जुन्या मैदानात काटा लढत तासभर चाले, दोघं एकमेकांना दमवत, आणि मग एका चुकीवर निकाल लागे. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. खाली आणलं की २ गुण, पाठ गादीकडे वळवली की २, रिंगणाबाहेर ढकललं तरी १, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली. त्यामुळं गादीचा पैलवान घाईत असतो आणि मातीचा धीरात. खाशाबा जाधवांना हा फरक १९४८ साली लंडनला गेल्यावरच कळला. गादीवर आयुष्यात जवळजवळ पहिल्यांदाच उतरून ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या चार वर्षांत डाव तेच होते, बदलली ती सरावाची चाल. आज महाराष्ट्र केसरीत मातीचा विजेता आणि गादीचा विजेता अंतिम कुस्तीत समोरासमोर येतात, आणि माती चांगली की गादी हा वाद दरवर्षी नव्यानं रंगतो. मला त्यात रस नाही. आठ-दहा जोडीदार असतील तर माती चालते, गादीही चालते. नसतील तर लाखो रुपयांची गादी हॉलमध्ये गुंडाळून पडते.

खुराकाचं काय, असा प्रश्न इथं येणारच. बीडचा निम्मा प्रश्न पाण्याचा आणि निम्मा पोटाचा, त्यामुळं तो टाळता येत नाही. पैलवानाचा खुराक म्हटलं की बदाम, तूप, थंडाई, आणि त्याचा हिशेब ऐकूनच गरीब बाप हात जोडतो. पण बदामाभोवती जे वलय आहे ते त्याच्या किमतीचं आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असा आजच्या अभ्यासाचा कौल आहे. ६० किलोच्या पोराला म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम बदामात प्रथिनं साधारण २१ ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५. लिटरभर दुधात पस्तीसच्या घरात. पाव किलोहून थोडं कमी ज्वारीच्या पिठाच्या भाकरी आणि शंभर ग्रॅम डाळ यांत मिळून चाळीस. बेरीज करून पाहा, शंभर होतात, आणि त्यात बदाम नाही. बीडच्या शेतात सोयाबीन पिकतं आणि त्यात तर शंभराला छत्तीस. ते सगळं आपण विकून टाकतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठवाडा तेव्हा त्याच घराण्याच्या राज्यात. त्यातल्या ‘मल्लविनोद’ या भागात मल्लांच्या आहारात उडीद, मांस, दही, दूध, तूप आहे. उडदाची बात राजालाही लाजिरवाणी वाटली नव्हती.

त्याच भागात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत: वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, हाताला हात भिडवण्याचा बाहुपेल्लनक श्रम आणि खांबाचा स्तंभश्रम. मल्लांची प्रतवारीही आहे, शिकाऊ ‘भविष्णु’पासून ‘ज्येष्ठिक’पर्यंत. नऊशे वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या तालमीच्या दिनक्रमापासून फार दूर नाही. तिच्यातला खांब विशेष पाहण्यासारखा, कारण जोडीदार नसेल तेव्हा पैलवान काय करतो याचं उत्तर त्यात आहे. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाचं श्रेय परंपरा बाळंभटदादा देवधरांना देते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले, त्यांना तोडीचा कोणी मिळेना. तेव्हा बाळंभटांनी सप्तशृंगीला जाऊन खांबावर मेहनत केली आणि परत येऊन अलीला हरवलं, अशी ती कथा. तिच्यातलं दैवी बाजूला ठेवलं तरी व्यवहार पक्का आहे: तोडीचा जोडीदार नव्हता म्हणून खांब. खांबाला मिठी मारता येते, त्यावर पाय अडकवता येतो, पकड आणि मांड्या तयार होतात. पण खांब पवित्रा बदलत नाही. म्हणूनच पुढे मल्लखांब स्वतःच्या पायावर उभा राहून वेगळाच खेळ झाला. २०१९ साली मुंबईत त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि त्यात कुस्ती कुठंच नव्हती.

एकट्यानं करायच्या मेहनतीत बैठकांचं प्रस्थ सर्वांत मोठं. अमका पैलवान रोज तीन हजार बैठका मारायचा, तमका पाच हजार, हे आकडे पारावर वाढत जातात. शे-दोनशे बैठका पायात दम आणतात, फुप्फुसं तयार करतात, आणि पोरगं पहाटे उठतंय की नाही हेही दाखवतात. त्यापुढे बैठक फक्त दम वाढवते, ताकद वाढवत नाही. ताकदीला वजन लागतं. हौदा उकरण्याचं महत्त्व इथं आहे. खोरं मारताना कंबर, पाठ, खांदे एकत्र राबतात, विरोध खराखुरा असतो, आणि शेतातल्या पोराला ते नवीन नसतं. दोर चढणं तितकंच मोलाचं, पकडीसाठी. पालीसारख्या गावात एकटा पडलेला पोरगा आठवड्यातले चार दिवस एवढं करील आणि उरलेल्या दिवशी बीडला किंवा शेजारच्या गावी जाऊन खरे जोर करील, तर तो घरी पाच हजार बैठका मारणाऱ्याच्या पुढे जाईल.

जोडीदार मिळवण्याची गावांची जुनी व्यवस्था म्हणजे जत्रा. हलगी वाजते, माती उकरलेली असते, आणि आधी लहान लेकरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर, मग नारळावर, मग रोख इनामाच्या, चढत चढत शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत. काटा नसतो, वजनगट नसतात. पंच दोन पोरं उभी करून खांद्याला खांदा लावून बघतात आणि जोड ठरवतात. ज्युदोत पट्टे आहेत, पायऱ्या आहेत. इथं रेवडीपासून नारळापर्यंत आणि नारळापासून रोखीपर्यंतचा प्रवास हीच पायरी, आणि ती अख्खा गाव बघतो. हरलेल्यालाही शेजारच्या तालमीतला एक नवा जोडीदार माहीत होतो, हा जत्रेचा खरा फायदा. बीडच्या जत्रांचं एक गणित आणखी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते निघतात, कारखान्यांचे पट्टे पडले की माणसं परततात, साधारण पाडव्याच्या आगेमागे. मोठ्या जत्रा त्यानंतर, चैत्र-वैशाखात. बाप-माय पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असताना पोरगं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात, नाहीतर टोळीसोबतच. पाच-सहा महिने तालीम सुटते. परत आल्यावर महिनाभरात मैदान. या जिल्ह्यातला कोणताही क्रीडा आराखडा उसाच्या हंगामाकडे पाठ करून केला तर तो कागदावरच राहणार.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात पेठेपेठेत तालमींना हात दिला आणि खासबागेचं मैदान बांधलं, तेव्हा बीड हैदराबाद संस्थानात होतं. इकडच्या पोरांना त्या राजाश्रयाचा लाभ नव्हता. पण कोल्हापूरचं यश नुसत्या पैशाचं नव्हतं. एकाच शहरात, पायी जाण्याच्या अंतरावर, इतक्या तालमी उभ्या राहिल्या की कोणत्याही वजनाच्या कोणत्याही पैलवानाला तोडीचा माणूस कधी कमी पडला नाही. बीड जिल्ह्यात प्रत्येक गावाला एक व्यायामशाळा बांधून देण्यापेक्षा पाच-सहा गावांची पोरं आठवड्यातून तीनदा एकाच हौद्यात उतरतील अशी सोय, म्हणजे माती एक, वस्ताद दोन-तीन आणि एक जीप, जास्त कामाची. पाली महामार्गावरच आहे, खालून बीड आणि वरून मांजरसुंबा दोन्ही हाताशी. इमारतीचा निधी मिळतो, जीपच्या डिझेलचा मिळत नाही, ही आपल्या योजनांची जुनी खोड.

मुलींच्या बाबतीत हाच प्रश्न दुप्पट होतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. वर्तमानपत्रांत फोटो आले, मराठवाड्यातल्या काही बापांनी पोरींना तालमीत घेऊन जायचं ठरवलं. तिथं गेल्यावर पहिला प्रश्न: ही लढणार कोणासोबत? हरियाणातल्या बलालीत महावीर फोगाटांसमोर हाच प्रश्न होता. त्यांनी तो दोन प्रकारे सोडवला. एक म्हणजे मुलींना मुलांसोबत उतरवलं, गावाची बोलणी खाऊन. दुसरं म्हणजे घरातच चार मुली आणि दोन पुतण्या अशा सहा जणी होत्या, वेगवेगळ्या वयाच्या आणि वजनाच्या, रोज एकाच आखाड्यात. पहिल्या उपायाची चर्चा फार झाली, सिनेमाही निघाला. दुसऱ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बीडमध्ये एखाद्या बापानं एकट्या पोरीला घेऊन सुरुवात केली तर तिला वर्षाच्या आत पुण्याला पाठवावं लागेल, आणि बारा वर्षांच्या पोरीला पुण्याला पाठवायला तयार होणारी घरं थोडी. तालुक्यातल्या दोन शाळांनी मिळून दहा-बारा मुलींची एक तुकडी एका वेळी सुरू केली, आणि भाऊ असलेल्यांनी भावांनाही सोबत आणलं, तर त्यातल्या निम्म्या सोडून गेल्या तरी उरलेल्यांना कोणीतरी धरायला आणि अडवायला राहतं.